माडीवरचे कन्सोलवाले

वायर कितीही नीट गुंडाळून खुंटीला लावा, दुसऱ्या दिवशी तिला गाठ पडलेली असते. ती कोणी मारली, हे कोणालाच सांगता येत नाही. आमच्या माडीवरचे किस्से असेच साचत गेले. किस्से घडवायला कोणी बसले नव्हते. आम्ही बसलो होतो ते केवळ खेळायला. परंतु चार-पाच प्रौढ माणसे एकाच पडद्यासमोर पाच निरनिराळी ठाम मते घेऊन बसली, की गाठी पडणारच! त्यांतल्या काही इथे सोडवून दाखवतो.

आधी माडी. ओतूरच्या बाजारपेठेत पारसचे कापडाचे दुकान आहे. घराणे मूळचे मारवाडातले, पण इतक्या पिढ्या इथे मुरलेले, की पारस चिडला म्हणजे अस्सल जुन्नरी चिडतो. दुकानावर लाकडी फळ्यांची एक माडी आहे. तिथे पारसने मोठा टीव्ही आणि त्यावर खेळ खेळायचे कन्सोल मांडले, आणि हळूहळू आम्ही जमलो. ‘कन्सोल’ला मी ‘क्रीडायंत्र’ असा शब्द सुचवला होता. मंडळींनी तो आदराने ऐकून घेतला आणि पुन्हा म्हणून उच्चारला नाही. त्यामुळे इथेही कन्सोलच.

मंडळी मोजकीच. मी इथल्या महाविद्यालयात संस्कृत शिकवतो, म्हणून सर्वांचा ‘सर’. नलिनीताई आळ्याच्या, ओतुरातल्या एका दवाखान्यात परिचारिका आहेत, म्हणून सर्वांच्या ‘सिस्टर’. दत्तूभाऊ निमगाव सावाचा, कांदा आणि टोमॅटो पिकवणारा. सासुरवाडी ओतूरची असल्याने तो इथेच अधिक सापडतो. आणि किसन. हा पश्चिमेकडच्या डोंगरातला. उतारावरच्या खाचरांत भात आणि नाचणी करतो. आठवडी बाजाराच्या दिवशी मीठ-मिरची न्यायला खाली येतो आणि डोंगराकडे जाणारी शेवटची जीप सुटेपर्यंतचे दोन तास माडीवर घालवतो. त्याच्या गावात कन्सोल सोडाच, फोनला रेंज मिळवायची तर आंब्यावर चढावे लागते.

किसन एकच खेळ खेळे, क्रिकेटचा. त्यात आपल्याच नावाचा खेळाडू घडवून त्याला साध्या क्लबापासून वर चढवत न्यायचे असते. दोन वर्षांच्या बाजारांत किसनने आपला किसन देशाच्या संघापर्यंत नेला होता. आता एकच राहिले होते. देशाकडून खेळताना एक शतक!

आणि नवरात्राच्या आधी एके दुपारी जिन्याच्या तळाशी पारसचे वडील, शेठजी, उभे राहिले. गुडघ्यांमुळे त्यांनी कैक वर्षांत जिना चढला नव्हता. पण आवाजाला गुडघे नसतात.

“पारस! वसुबारसेला दिवाळीचा माल येतोय. माडी मोकळी पाहिजे!”

“बापूजी, ही काय माझ्या एकट्याची आहे? ही सगळी मंडळी कुठे जाणार?”

“चाळिशीची घोडी झालात सगळी. घोड्यांना तबेला लागतो, माडी नाही!”

किसनने मला हळूच विचारले, “सर, वसुबारसेपत्तोर बाजार किती?”

मी मोजून सांगितले, “सहा.”

“बसतंय,” तो म्हणाला, आणि पुढचा चेंडू खेळला.

*

आमच्यात दोन पक्ष आहेत. कंपन्यांची नावे घेत नाही. खेळांच्या डब्यांच्या रंगांवरून आम्ही त्यांना निळा पक्ष आणि हिरवा पक्ष म्हणतो. पारस निळा, सिस्टर हिरव्या. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतही इतकी निष्ठा दिसत नाही.

एका रविवारी वाद पेटला, की कोणत्या कन्सोलवर चित्र अधिक खरे दिसते. पारसने घरून दुसरा टीव्ही आणला, सिस्टरांनी आपले यंत्र आणले, आणि एकच क्रिकेटचा सामना दोन्हीकडे शेजारी शेजारी लावला. तासभर रिझोल्यूशन आणि फ्रेमरेट यांच्या फैरी झडल्या. अखेर भांडण मैदानातल्या गवतावर येऊन ठेपले.

“आमच्या गवताचं पातं न् पातं वेगळं दिसतं,” पारस म्हणाला.

“आमचं वाऱ्यावर हलतंय. तुमचं बघा, भिंतीला रंग दिल्यासारखं!” सिस्टर म्हणाल्या.

हा निकाल जाणकारानेच द्यावा, असे मी सुचवले. दत्तूभाऊ खाली चहा पीत होता. त्याला वर बोलावले. त्याने आधी निळा पडदा पाहिला, मग हिरवा पाहिला. नाक काचेला लागेपर्यंत वाकून पाहिला. एकदा बोटानेही चाचपला.

“दोन्ही खोटी,” तो म्हणाला.

“का हो?” दोन्ही पक्ष एकदम ओरडले.

“आवो, या दिसांत येवढं हिरवंगार गवात मिळत असतं, तर मी काल आळेफाट्यावरनं वैरन इकत आनली असती व्हय?”

*

सिस्टरांच्या कन्सोलवर महिन्याच्या वर्गणीत शेकडो खेळ मिळतात. हिरव्या पक्षाचा हा मोठा अभिमान. प्रत्यक्षात सिस्टर सुटीच्या दिवशी यादी उघडतात, एकेक खेळ थोडा चाखतात, नाक मुरडतात आणि पुढे जातात. सायंकाळ होते, सुटी संपते, खेळ ठरत नाही.

एकदा पारसला राहवले नाही. “सिस्टर, तुम्ही आमच्या गिऱ्हाइकासारखं करता. सगळे गठ्ठे सोडायला लावता आणि शेवटी हातरुमाल घेऊन जाता!”

पारस स्वतः दरवर्षी फुटबॉलचा तोच खेळ नव्या आकड्यानिशी विकत घेतो. सिस्टरांनी पडद्यावरची नजर हलवली नाही.

“आणि तुम्ही? तुम्ही दहा वर्षं एकच साडी नेसताय. दर दिवाळीला फक्त काठ बदलून आणता!”

दोघांचेही म्हणणे मला शंभर टक्के पटले, आणि ते मी मोठ्याने सांगितले. त्या दिवसापासून दोन्ही पक्ष मला विरोधी पक्ष समजतात.

*

दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसते. तेव्हा पारस मोबाइलवर या व्यवसायातल्या बातम्या वाचून दाखवतो आणि दत्तूभाऊ त्यांचा अर्थ लावतो. मी या विषयावरचे परदेशी स्तंभलेखक नेमाने वाचतो. सातशे शब्दांत त्यांना जे साधत नाही, ते दत्तूभाऊ तंबाखू मळता मळता सांगून टाकतो.

एकदा बातमी आली, की पुढे कन्सोलला खेळाची तबकडी, म्हणजे डिस्कच, राहणार नाही अशी कुणकुण आहे. सर्व खेळ इंटरनेटवरूनच घ्यायचे.

दत्तूभाऊने विचारले, “मंग इकत घेतल्यावर हातात काय येतं?”

“हातात काही नाही. वापरायची परवानगी मिळते.”

“आन उद्या कंपनीनं त्यो गेमच बंद केला तर?”

“तर गेला.”

दत्तूभाऊचा मळणारा अंगठा थांबला. “म्हंजे पैकं आपुन मोजायचं, जमीन आपुन कसायची, आन सातबारा त्यांच्या नावावर? पारसभाऊ, असला यवहार परका न्हाई करत. असला यवहार निस्ता सख्खा भाऊ करतो!”

तबकडी असावी, हे माझेही मत आहे. फडताळात ठेवलेली वस्तू आपली असते. उसनी देता येते, परत मागता येते, न मिळाल्यास वर्षभर नावे ठेवता येतात. परंतु सातबाऱ्यानंतर माझ्या युक्तिवादाची गरज उरली नाही.

दुसऱ्या एका दुपारी पारसचा चेहरा उतरला होता. ज्या खेळाची तो तीन वर्षे वाट पाहत होता, त्याची तारीख पुन्हा पुढे गेली होती.

“काय कारन देत्यात?” दत्तूभाऊने विचारले.

“दर्जा आणखी सुधारायचाय म्हणे.”

दत्तूभाऊने मान डोलावली. “चांगलंय की राव. मी बी सांगून बगतो माझ्या टोमॅटोला. दर्जा सुधारस्तोर लाल हू नको म्हनून!”

*

सिस्टरांकडे हातात धरून खेळायचे एक छोटे कन्सोलही आहे. एकदा त्यांच्या दवाखान्यात एक पैलवान आला. छाती दाराएवढी, ताप भरपूर, आणि सुईची भीती त्याहून भरपूर. दोन माणसांनी धरले तरी आवरेना.

सिस्टरांनी त्याच्या हातात ते छोटे कन्सोल दिले आणि मोटारींची शर्यत लावून दिली. “एवढं वळण नीट घ्या बरं,” म्हणाल्या. पैलवान गाडीबरोबर डावीकडे कलला, उजवीकडे कलला, आणि तिसऱ्या वळणावर सिस्टरांनी आपले काम उरकले. त्याला पत्ताही लागला नाही!

चार दिवसांनी पैलवान पुन्हा हजर. ताप नाही, खोकला नाही, चेहरा टवटवीत.

“काय होतंय?” सिस्टरांनी विचारले.

पैलवान दाराशी घुटमळला. “तसं काय न्हाई सिस्टर. पर त्या दिशी माजा दुसरा नंबर आल्ता. एक सुई मारता का?”

*

खंडेनवमीला शेतकरी नांगर पुजतो, दुकानदार गज आणि कात्री पुजतो. आमच्या माडीवर दरवर्षी कन्सोल पुजले जाते. यंदा शेवटचे वर्ष, म्हणून पूजा थाटात करावी असे ठरले. झेंडूची माळ झाली, अक्षता झाल्या. हळद-कुंकवाचे काम दत्तूभाऊकडे होते. त्याने ट्रॅक्टरच्या बॉनेटला वाहतो तसे दोन्ही मुठी भरून वाहिले.

ट्रॅक्टरच्या बॉनेटला वरून जाळी नसते. कन्सोलला असते.

पारसने बटण दाबले. आतला पंखा घरघरला, अडखळला, आणि मागच्या बाजूने लालपिवळ्या धुराचा असा लोट आला, की पालखी निघाल्याचा भास व्हावा. मग यंत्र बंद पडले.

“सरका,” सिस्टर म्हणाल्या. त्यांनी झाकण उघडले आणि मऊ कुंचल्याने एकेक कोपरा झाडायला घेतला. किसन त्या दिवशी देवीला नारळ वाहायला खाली उतरला होता आणि दसरा करूनच परतणार होता. त्याने दारात उभे राहून एकच प्रश्न विचारला.

“सिस्टर, आतला किसन हाय ना?”

“तुम्ही बाहेर थांबा,” सिस्टर म्हणाल्या. शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर नातेवाइकांना सांगतात, अगदी त्याच स्वरात. किसन जिन्यात जाऊन बसला. अर्ध्या तासाने पंखा पुन्हा गुणगुणू लागला, पडद्यावर किसनचा किसन बॅट टेकून उभा राहिला, आणि जिन्यातला किसन पायरीला कपाळ टेकवून उठला.

तेवढ्यात खालून शेठजींची हाक आली. माडीच्या फळ्यांमध्ये फटी आहेत, हे आम्ही विसरलो होतो. झाडलेले सगळे हळद-कुंकू खाली पांढऱ्याशुभ्र धोतरांच्या थप्पीवर अलगद उतरले होते!

पारस घाबरत म्हणाला, “बापूजी, दसऱ्याचा रंग म्हणून उद्या सहज खपतील.”

“माझ्या दुकानातून डागाचं कापड जात नाही,” शेठजी म्हणाले. “ज्यांनी डाग पाडले, त्यांनी काढायचे.”

म्हणून दसऱ्याच्या सकाळी, सोने लुटायच्या आधी, संस्कृतचा प्राध्यापक, कापडाचा व्यापारी, एक परिचारिका आणि दोन शेतकरी मांडवी नदीच्या खडकावर ओळीने धोतरे आपटत होते. सहाव्या धोतरानंतर दत्तूभाऊने कंबर सरळ केली.

“राव, ह्यो गेम लई अवघड हाय. ह्याला सेव्ह बी करता येत न्हाई!”

*

पुढच्या बाजारी किसन वेळेवर आला, हातपाय धुऊन टीव्हीसमोर बसला, आणि खेळाने सांगितले, की आधी अपडेट उतरवून घ्या. आमच्याकडचे इंटरनेट म्हणजे उन्हाळ्यातला नळ. पडद्यावरची निळी रेघ किसनच्या डोळ्यांसमोर मुंगीच्या पावलाने निघाली. पारस हळहळला. सिस्टरांनी खेळ करणाऱ्या कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. वसुबारसेपर्यंतच्या बाजारांतला एक बाजार असा फुकट चालला होता!

किसन मात्र मांडी घालून त्या रेघेकडे पाहत राहिला. दोन तास. मध्येच चहा आला, तो रेघेवरची नजर न काढता प्यायला.

जीपची वेळ झाली तेव्हा रेघ निम्म्यावर पोचली होती. मला फार वाईट वाटले. “कंटाळला असशील,” मी म्हणालो.

“कशाचा कटाळा सर? भात लावल्यावं आमी चार महिनं बगतच बसतो. ह्ये निदान डोळ्यांदेखत सरकतंय तरी!”

*

शेवटचा बाजार वसुबारसेच्या आदल्या दिवशी आला. किसनचे शतक अजून झाले नव्हते. एकदा एकसष्टवर त्रिफळा उडाला होता, एकदा अठ्ठ्याहत्तरवर धावबाद.

त्याच्या धावा इतक्या सावकाश का होतात, हे सांगायला हवे. किसन कधीच चेंडू उचलून मारत नाही. पडद्यावर गोलंदाज अगदी सोपा, हळू, उंच चेंडू टाको, किसन तो जमिनीलगत ढकलून एक धाव काढणार. सिस्टर कित्येकदा विनवत, “अहो, मारा ना षटकार!” तो हसून मान हलवी. कारण त्याच्या गावात भात कापून झाल्यावर खाचरात क्रिकेट चालते, आणि खाचराच्या पुढे सरळ दरी. चेंडू दरीत गेला की गेला. अख्ख्या गावात चेंडू एकच. म्हणून त्या डोंगरातल्या सर्व वाड्यांचा एक नियम आहे. उचलून दरीत मारला, तर षटकार नाही, औट! लहानपणापासून हाताला लागलेले वळण टीव्ही पाहून सुटत नाही.

त्या दिवशी तो एकेक, दोन-दोन करत शहाण्णववर पोचला. पारस आणि दत्तूभाऊ खाली दुकानात होते. दिवाळीची गर्दी एकट्याला आवरण्यासारखी नव्हती. माडीवर सिस्टर आणि मीच होतो.

आणि जिना करकरला. गज हातात घेऊन, कठड्याला धरत, एकेक पायरीवर थांबत शेठजी वर आले. उद्या गठ्ठे कसे रचायचे, ते त्यांना मोजून पाहायचे होते. आम्ही उठून उभे राहिलो. ते भिंतीला गज लावणार, एवढ्यात खालून जीपचा भोंगा वाजला. एकदा, दोनदा, तीनदा. जीपवाल्या भीमाला घाटातली वाट उजेडी गाठायची असते, म्हणून तो भोंग्याच्या तिसऱ्या हाकेनंतर थांबत नाही.

किसन गडबडीने उठला. त्याने खेळ थांबवला आणि समोर जे वडीलधारे माणूस होते, त्याच्या हातात खेळायचा बटणांचा कंट्रोलर दिला.

“शेठ, जरा धरा. भीमाला पाच मिनिटं थांब म्हन्तो. आलोच!”

बैलाचे दावे सोपवावे तसा तो सोपवून खाली पळाला. शेठजींनी एक हात गजाला, एक कंट्रोलरला, असा क्षणभर तोल सांभाळला. मग गज भिंतीला टेकवून दोन्ही हातांनी तो घट्ट धरला. इतका घट्ट, की कुठलेसे बटण दाबले गेले. थांबलेला खेळ सुरू झाला. गोलंदाज धावत निघाला.

“सर, हा पळतोय!” शेठजी म्हणाले.

“शेठजी, काही दाबू नका!” सिस्टर ओरडल्या.

आयुष्यात प्रथमच कंट्रोलर धरलेल्या माणसाला ‘काही दाबू नका’ असे कधी सांगू नये. शेठजींनी दहा बोटांनी जेवढे होते तेवढे सगळे दाबले!

त्याच वेळी जिन्यावर धडधड झाली. किसनने भीमाला कारण सांगितले होते आणि कारण ऐकून भीमाने इंजिनच बंद केले होते. किसनचे शंभर व्हायला चार हवेत म्हटल्यावर जीपमध्ये कोण बसून राहतो? बाजाराच्या पाट्या, पिशव्या, दोन कोंबड्या यांसह सगळी जीप माडीच्या दारात उभी होती. आणि सर्वांनी पाहिले, की पडद्यावरचा चेंडू उंच, आणखी उंच, प्रेक्षकांच्या डोक्यावरून मैदानाबाहेर चालला आहे.

“औट!” सगळी जीप एका आवाजात कळवळली.

“आगं बया, दरीत घातला की गं!” मागून एक म्हातारी म्हणाली.

पडद्यावर मात्र पंचाने दोन्ही हात वर केले. फटाके उडाले. इंग्रजीत कोणीतरी बेभान होऊन किसनचे नाव घेऊ लागले. किसन, एकशे दोन!

शेठजी दोन्ही हातांत तो कंट्रोलर नैवेद्याच्या ताटासारखा धरून उभे होते. त्यांनी दाराकडे पाहिले, पडद्याकडे पाहिले.

“सर, नेमकं काय झालं? माझ्या हातून याचं नुकसान झालं, का फायदा?”

भीमाने घसा खाकरून निकाल दिला, “टीव्हीत शंभर झालं शेठ. पर आमच्यात औट.”

“तू सांग,” शेठजी किसनला म्हणाले.

किसनने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. “फायदाच झाला शेठ,” तो अदबीने म्हणाला. “पर माजा न्हाई झाला.”

शेठजी सिस्टरांकडे वळले. “बाई, हे मागं घेता येतं का?”

“येतं. दर षटकाच्या शेवटी सेव्ह करतो तो. तिथून पुन्हा सुरू करायचं. शहाण्णवला.”

“मग घ्या मागं. माप माझ्या हातून चुकलं, तर कापड मी पुन्हा मोजतो.”

सिस्टरांनी खेळ मागे नेला. फटाके गेले, इंग्रजी बोलणारा गप्प झाला, पडद्याच्या कोपऱ्यात पुन्हा शहाण्णव आले. जीपमधल्या मंडळींनी समाधानाचा श्वास सोडला. परंतु बाहेर उन्हे कलली होती, आणि भीमा आता खरोखरच थांबू शकत नव्हता. किसनने शेठजींच्या पायांना हात लावला, मिठाची पिशवी उचलली, आणि सगळी जीप जशी चढली तशी उतरून गेली. शेठजींनी पडद्यावरचा आकडा एकदा वाचला. मग त्यांनी भिंतीचा गज उचलला आणि काहीच न मोजता, एकेक पायरी थांबत, खाली गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालाचा टेम्पो आला. हमालाने पहिला गठ्ठा पाठीवर घेतला आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला. मी आणि पारस टीव्हीच्या वायरी काढायला नुकतेच वर जाणार होतो.

गादीवरून शेठजींचा आवाज आला.

“ए, वर नको! इथंच कुठंतरी रच. वर किसन शहाण्णववर खेळतोय.”